बांधकामाच्या धुळीची तक्रार कशी करावी? आकडा नको, नियम दाखवा!

गेल्या मार्चमधली गोष्ट. सकाळी अकरा वाजता बाबांच्या खोलीची खिडकी उघडली आणि पाच मिनिटांत बंद करावी लागली. शेजारची जुनी इमारत पाडायचं काम चालू होतं. पोकलेन स्लॅब फोडत होतं आणि पांढुरकी धूळ सरळ आमच्या दुसऱ्या मजल्यावर येत होती. टेबलावर, पाण्याच्या भांड्यावरच्या झाकणावर, बाबांच्या नेब्युलायझरवर एक पातळ थर. बाबांना दमा आहे. त्या आठवड्यात दिवसातून दोनदा लागणारं नेब्युलायझर चार-चार वेळा लावावं लागलं.

मी मोबाइलवर 'समीर' अ‍ॅप उघडलं. आमच्या जवळच्या केंद्राचा हवा गुणवत्ता निर्देशांक होता ९४. म्हणजे 'समाधानकारक'!

खरं सांगते, तेव्हा मला वाटलं की अ‍ॅपच खोटं बोलतंय. नंतर कळलं की अ‍ॅप खोटं बोलत नव्हतं, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारत होते. त्या चुकीपायी माझ्या पहिल्या दोन तक्रारी वाया गेल्या. तिसरी लागू पडली. तिन्हींत काय फरक होता, ते आज सविस्तर सांगणार आहे. माझ्या पालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही अडचण थोड्याफार फरकाने कुठल्याही वाढत्या शहरात येते.

अ‍ॅपमध्ये हवा चांगली, घरात मात्र धूळ. असं का?

याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे सरासरी. धुळीच्या कणांसाठीचा हवा गुणवत्ता निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवरून काढतात. समजा, एखाद्या ठिकाणी पाडकामाचे दोन तास पीएम १० चं प्रमाण ६०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होतं आणि उरलेले २२ तास ७०. आता गणित करा. दोन तासांचे १२००, बावीस तासांचे १५४०, एकूण २७४०. त्याला २४ ने भागलं की सरासरी येते ११४. निर्देशांकाच्या भाषेत हे साधारण ११०, म्हणजे 'मध्यम'. ज्या दोन तासांत दम्याच्या माणसाचा जीव घाबरा झाला, ते दोन तास सरासरीत विरघळून गेले.

दुसरं कारण म्हणजे अंतर. सरकारी मोजणी केंद्र तुमच्या गल्लीत नसतं. ते दोन, चार, कधी त्याहून जास्त किलोमीटरवर असतं. शहराच्या त्या भागातली एकंदर हवा कशी आहे हे सांगणं त्याचं काम. तुमच्या भिंतीला लागून काय फुटतंय, ते त्याला दिसतच नाही.

त्यामुळे 'निर्देशांक वाढलाय' अशी तक्रार केली की उत्तर हमखास येतं, 'निर्देशांक मर्यादेत आहे.' माझ्या दुसऱ्या तक्रारीचं नेमकं हेच झालं. स्क्रीनशॉट मीच जोडला होता!

घरातलं छोटं मीटर काय मोजतं?

त्याआधी, पहिल्या तक्रारीच्या वेळी, मी एक छोटं हवा मोजणारं मीटर मागवलं होतं. म्हटलं, आपलाच आकडा असेल तर कोण काय बोलणार? धूळ डोळ्यांना दिसत होती, नाकात जात होती, आणि मीटरवर पीएम २.५ चा आकडा फक्त ३८. पीएम २.५ ची २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा आहे ६० मायक्रोग्रॅम. म्हणजे माझ्याच मीटरने माझी तक्रार खोटी पाडली.

यात मीटर बिघडलेलं नव्हतं. ते काम कसं करतं ते पाहू.

या मीटरमध्ये एक छोटा पंखा हवा आत ओढतो. आत लेझरचा बारीक किरण असतो. धुळीचा कण त्या किरणातून गेला की प्रकाश विखुरतो. हा विखुरलेला प्रकाश एक सेन्सर टिपतो आणि त्यावरून आतली चिप अंदाज बांधते की कण किती आणि केवढे. लक्षात घ्या, हा अंदाज आहे. कणांचं वजन इथे होत नाही. सरकारी केंद्रावरच्या यंत्रात हवा ठरावीक वेगाने एका फिल्टरच्या पट्टीतून ओढली जाते आणि पट्टीवर साचलेल्या धुळीतून बीटा किरण किती अडतात त्यावरून तिचं वजन काढलं जातं. दोन्हींच्या किमतीत जसा जमीन-अस्मानाचा फरक आहे, तसाच कामातही.

लेझरवाल्या मीटरच्या तीन मर्यादा लक्षात ठेवा.

१. मोठे कण त्याला नीट पकडता येत नाहीत. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण आणि पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान. बांधकामाची धूळ, म्हणजे सिमेंट, वाळू, विटांचा चुरा, ही प्रामुख्याने जाड कणांची असते. छोट्या पंख्याने हे जड कण नीट आत ओढलेच जात नाहीत. स्क्रीनवर पीएम १० चा आकडा दिसतो खरा, पण बऱ्याचदा तो बारीक कणांवरून केलेला हिशेब असतो.

२. अगदी बारीक धूरही निसटतो. डिझेल जनरेटरच्या काजळीचे बरेचसे कण ०.३ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. इतक्या लहान कणांवरून प्रकाश पुरेसा विखुरत नाही, त्यामुळे मीटरला ते जवळपास दिसतच नाहीत.

३. दमट हवेत आकडा फुगतो. कण ओलावा शोषून मोठे होतात आणि मीटरला वाटतं धूळ वाढली. कोकणपट्टीत पहाटेचा आकडा म्हणूनच जपून वाचावा.

मग मीटर निरुपयोगी का? तसं नाही. खिडकी कधी उघडायची, बाबांना कुठल्या खोलीत बसवायचं, हे ठरवायला मला ते रोज उपयोगी पडतं. फक्त तक्रारीचा पाया म्हणून ते कमजोर आहे. पालिकेचा इंजिनिअर तुमच्या मीटरचा आकडा मानायला बांधील नाही आणि त्यात त्याचं फार चुकतं असंही नाही.

मग तक्रार कशाची करायची?

इथे या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. हवा किती वाईट आहे हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं. बांधकामवाल्याने करायची कुठली गोष्ट केलेली नाही, एवढंच दाखवायचं असतं.

धूळ उडून जाते. इंजिनिअर दोन दिवसांनी येतो, तोही जेवणाच्या सुट्टीत, तेव्हा काम बंद असतं. तो लिहितो, 'पाहणी केली, धूळ आढळली नाही.' माझी पहिली तक्रार याच वाक्यावर बंद झाली. पण पत्रे लावलेले नसतील तर ते जेवणाच्या सुट्टीतही लावलेले नसतात! हिरवी जाळी नसेल तर ती दुपारीही नसते. वाळूचा ढीग रस्त्यावर उघडा असेल तर तो दोन दिवसांनीही तिथेच असतो. या गोष्टी नाकारता येत नाहीत.

आता नियम कुठले? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०१८ मध्ये पर्यावरण (संरक्षण) नियमांत दुरुस्ती करून बांधकाम आणि पाडकामाच्या धुळीसाठी अटी घातल्या. ज्या शहरांत धुळीच्या कणांचं प्रमाण मर्यादेबाहेर जातं, तिथल्या कामांसाठी त्या आहेत. नागरिकाला बाहेरून, रस्त्यावर उभं राहून तपासता येतील अशा अटी या:

• बांधकाम साहित्य उघड्यावर कापणं किंवा घासणं याला मनाई.
• साहित्य आणि राडारोडा रस्त्याकडेला टाकायला मनाई. नेमून दिलेल्या जागेतच ठेवायचा.
• साहित्य किंवा राडारोडा नेणारी गाडी झाकलेलीच हवी.
• पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना त्याशिवाय: वाळू, माती, राडारोडा उघडा न ठेवणं, पाणी फवारायची सोय, इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश आणि जास्तीत जास्त १० मीटर उंचीचा वाऱ्याला अडवणारा आडोसा.
• धूळ रोखायला काय उपाय केलेत, ते लोकांना दिसेल अशा ठिकाणी फलकावर लिहिणं. हीसुद्धा मोठ्या प्रकल्पांची अट.

मुंबईत यापेक्षा पुढचे नियम आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराची हवा बिघडली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात मुंबई महापालिकेने २७ मुद्द्यांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे, त्याहून कमी उंचीला २५ फूट. बांधकाम चालू असलेली इमारत हिरव्या कापडाने, ज्यूटने किंवा ताडपत्रीने सगळीकडून झाकलेली. पाडकाम करताना सतत पाण्याचा फवारा. बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुण्याची सोय. साइटवर धूळ मोजणारे सेन्सर आणि सीसीटीव्ही. हे सगळं त्यात आहे. तुम्ही मुंबईत राहत असाल तर ही यादी म्हणजे तयार तपासणी-पत्रकच. दुसऱ्या शहरात असाल तर आधी आपल्या पालिकेने असं काही परिपत्रक काढलंय का ते संकेतस्थळावर पाहा. नसेल तर २०१८ चे केंद्रीय नियम आहेतच. मी तेच वापरले.

कोणी म्हणेल, मग निर्देशांकाला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती अख्ख्या विभागासाठी. ३० डिसेंबर २०२४ ला मुंबई महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा या भागांतली बांधकामं थांबवायचं जाहीर केलं, ते तिथला निर्देशांक सतत २०० च्या वर राहिला म्हणून. आकडा पाहून प्रशासन परिसराबद्दल निर्णय घेतं. एका साइटवर कारवाई हवी असेल तर त्या साइटचा नियमभंगच दाखवावा लागतो.

मोबाइलवर पुरावा कसा गोळा करायचा?

१. लोकेशन टॅग चालू करा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन टॅग' किंवा तत्सम पर्याय असतो. तो चालू असला की फोटोच्या फाइलमध्येच तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश नोंदवले जातात. या दडलेल्या माहितीला एक्झिफ म्हणतात. अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हानंतर चार आकडे असले तरी जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी कळते. मात्र उंच इमारतींच्या दाटीत जीपीएस बऱ्यापैकी चुकतं. म्हणून केवळ लोकेशनवर विसंबू नका, पत्ता आणि ओळखीची खूणही लिहा.

२. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवू नका. ही चूक बहुतेक सगळेच करतात. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि त्यातली एक्झिफ माहिती काढून टाकतं. शेजाऱ्यांकडून फोटो मागवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. स्क्रीनशॉटमध्येही मूळ माहिती राहत नाही.

३. फोटोवरच शिक्का उमटवणारं अ‍ॅप वापरा. तारीख, वेळ, नकाशा फोटोवर छापणारी बरीच जीपीएस कॅमेरा अ‍ॅप्स आहेत. तक्रार वाचणाऱ्याला फाइल उघडून एक्झिफ बघायला वेळ नसतो, शिक्का लगेच दिसतो. पण एक साधा फोटोही सोबत काढून ठेवा. पुढे कुणी शंका घेतली तर मूळ फाइल कामी येते.

४. व्हिडिओ ओळखीच्या खुणेपासून सुरू करा. आधी साइटचा फलक किंवा समोरच्या दुकानाची पाटी, मग न थांबता कॅमेरा फिरवत धूळ. तारीख आणि वेळ तोंडाने बोला. ३० ते ४० सेकंद पुरेत. मध्ये काटछाट करू नका.

५. साइटचा फलक वाचा. प्रकल्पाचं नाव, विकासक, भूखंड क्रमांक, महारेरा नोंदणी क्रमांक यातलं बरंच काही तिथे मिळतं. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की प्रकल्पाचा तपशील आणि मंजुरीची कागदपत्रं बघता येतात. तक्रारीत 'आमच्या शेजारची बिल्डिंग' लिहिण्याऐवजी हा क्रमांक लिहिलात की फाइल शोधायचं निमित्त उरत नाही.

६. एका दिवसाचा नको, आठवड्याचा हिशेब ठेवा. मी वहीत रोज एक ओळ लिहायचे: तारीख, वेळ, काय दिसलं, फोटो क्रमांक. सात दिवसांत पाच नोंदी झाल्या. 'रोजच धूळ असते' या वाक्यापेक्षा या पाच ओळींचं वजन जास्त पडलं.

हे सगळं सार्वजनिक रस्त्यावरून किंवा स्वतःच्या खिडकीतून करा. साइटच्या आत शिरू नका, आणि कामगारांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नका.

तक्रार कुठे करायची?

धूळ, पत्रे, जाळी, रस्त्यावरचा राडारोडा हा पालिकेचा विषय. मुंबईत १९१६ हा क्रमांक आणि मायबीएमसी अ‍ॅप, पुण्यात पीएमसी केअर, इतर शहरांत तुमच्या पालिकेचं अ‍ॅप किंवा हेल्पलाइन. यासोबत प्रभाग किंवा वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर 'पोहोच' म्हणून शिक्का घ्या. अ‍ॅपवरची तक्रार दोन ओळींच्या शेऱ्यावर बंद होऊ शकते. शिक्का मारलेल्या कागदाला उत्तर मागता येतं.

आरएमसी प्लांट, म्हणजे तयार काँक्रीटचा कारखाना, असेल तर त्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. तिथली धूळ आणि जनरेटरचा धूर याबद्दल पालिकेसोबत मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयालाही लिहा. काळा धूर ओकणाऱ्या डंपरचा विषय परिवहन कार्यालय आणि वाहतूक पोलिसांचा. गाडीचा क्रमांक, वेळ, जागा, एवढं पुरतं.

एकच मजकूर दहा कार्यालयांना पाठवायचा मोह होतो. माझा अनुभव असा की मग प्रत्येक जण 'हे त्यांचं काम' म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ज्याचं काम त्याला, आणि प्रत दुसऱ्याला, हे बरं.

तक्रारीचा नमुना

माझी तिसरी तक्रार साधारण अशी होती:

*विषय: पाडकाम व बांधकामातील धूळ रोखण्याच्या नियमांचा भंग*

*ठिकाण: (प्रकल्पाचं नाव, भूखंड क्रमांक, रस्ता, जवळची खूण)*

*१. टाइल्स व लोखंड रस्त्याला लागून उघड्यावर कापले जाते. दि. १०, ११ व १३ मार्च, सकाळी १० ते १२. फोटो १ ते ४.*

*२. क्रश सँड व राडारोडा पदपथावर उघडा टाकलेला आहे. दि. १० मार्चपासून आजपर्यंत. फोटो ५ व ६.*

*३. राडारोडा नेणारे डंपर ताडपत्रीविना बाहेर पडतात. दि. १२ मार्च, सायंकाळी ६.४०. व्हिडिओ १.*

*४. पाडकामाच्या वेळी पाणी मारले जात नाही. दि. १३ मार्च, सकाळी ११.१०. व्हिडिओ २.*

*वरील १ ते ३ बाबींना पर्यावरण (संरक्षण) नियमांतील जानेवारी २०१८ च्या दुरुस्तीनुसार मनाई आहे. चौथ्या बाबीबाबत परवानगीतील अटी तपासून कार्यवाही करावी.*

*मागणी: कापकाम आडोशाच्या आत व पाणी मारून करावे. पदपथ मोकळा करावा. गाड्या झाकाव्यात. पाहणी काम चालू असताना, सकाळी १० ते १२ या वेळेत करावी व अहवालाची प्रत द्यावी.*

यात 'धुळीने हैराण झालो', 'कृपया सहकार्य करावे' असं काही नाही. बाबांच्या दम्याचा उल्लेखही नाही. लिहायला हरकत नाही, पण मी पहिल्या तक्रारीत तेवढंच लिहिलं होतं. वाचणाऱ्याला वाईट वाटलं असेलही, पण त्यावर कारवाई काय करायची ते त्याला कळलं नसणार. शेवटची ओळ मात्र विसरू नका. पाहणीची वेळ तुम्ही सुचवली नाही तर ती जेवणाच्या सुट्टीतच होते!

तक्रार 'निकाली' निघाली पण काम तसंच?

तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी त्याच जागेचा नवा फोटो काढा. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून वॉर्ड कार्यालयाच्या वरिष्ठांकडे, मुंबईत सहाय्यक आयुक्तांकडे, जुन्या तक्रार क्रमांकासह पुन्हा लिहा. तिथेही दाद लागली नाही तर राज्य सरकारचं 'आपले सरकार' तक्रार निवारण पोर्टल आहे.

माहितीचा अधिकार हा शेवटचा पण चांगला उपाय. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंत असावा लागतो, म्हणून नेमकं विचारा: अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर पाहणी कोणत्या तारखेला व वेळेला झाली, पाहणी अहवालाची प्रत, बजावलेल्या नोटिशीची प्रत. 'कारवाई का केली नाही?' असं विचारू नका. कारण विचारलं की टाळता येतं, कागद मागितला की तो असतो किंवा नसतो.

पालिकेच्या हातात काय असतं? मुंबईत महापालिका कायदा १८८८ च्या कलम ३५४अ खाली काम थांबवण्याची नोटीस देता येते आणि धुळीच्या प्रकरणांत तिचा वापर झालेला आहे. आणि ही नोटीस कोणाच्या पोटावर येते, तेही मला याच प्रकरणात कळलं.

दोन गोष्टी ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या

पहिली. दुसऱ्या तक्रारीनंतर चौथ्या दिवशी मला फोन आला. 'मॅडम, तुम्हीच का तक्रार केली? आपण बसून बोलू ना.' साइटचा सुपरवायझर होता. माझं नाव आणि नंबर त्याच्यापर्यंत कसा गेला, कुणी सांगितलं नाही. आवाजात दमदाटी नव्हती, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून तिसरी तक्रार सोसायटीच्या लेटरहेडवर, सचिवांच्या सहीने, सोसायटीच्या ईमेलवरून गेली. तुमच्याकडेही जमत असेल तर हेच करा. एकट्याने करावीच लागली तर त्यासाठी वेगळा ईमेल ठेवा, अर्जात 'तक्रारदाराची ओळख गोपनीय ठेवावी' हे लिहा, आणि असा फोन आला तर वाद न घालता तारीख-वेळ वहीत नोंदवा. धमकी असेल तर सरळ पोलिसांत जा.

दुसरी. तक्रार दिल्याच्या संध्याकाळी साइटचा वॉचमन गेटवर भेटला. म्हणाला, 'ताई, काम बंद पाडू नका. हजेरी जाते पोरांची.' त्याच्या मागे एक मुलगा कटरने टाइल कापत बसला होता. तोंडाला रुमाल, पापण्या पांढऱ्या. आमच्या खिडकीत येणारी धूळ ही त्याच्या छातीत जाऊन उरलेली धूळ होती. टाइल, दगड, काँक्रीट कापताना सिलिकाचे कण उडतात आणि वर्षानुवर्षं ते फुप्फुसात गेले की सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. रुमालाने ते कण अडत नाहीत. पातं ओलं ठेवून कापलं तर मात्र धूळ उगमापाशीच बरीच कमी होते.

घरी आल्यावर मी तक्रारीचा मजकूर पुन्हा वाचला. 'काम थांबवावे' असं मी त्यात लिहिलं नव्हतं याचं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र पुरवणी पत्र देऊन एक ओळ वाढवली: कापकाम करणाऱ्या कामगारांना योग्य मास्क द्यावेत. मुंबईच्या २७ मुद्द्यांतही कामगारांना संरक्षक साधनं देण्याची अट आहे. ती आपण फारशी वाचत नाही.

पुढे काय झालं?

नवव्या दिवशी इंजिनिअर आला, सकाळी साडेदहाला. पदपथावरचा ढीग हलला. कापकाम पत्र्याच्या आत गेलं, कटरला पाण्याची नळी लागली. पाडकामाला टँकर आला, पण रोज नाही. डंपर काही दिवस झाकून गेले, मग एक-दोन पुन्हा उघडे दिसले. ते फोटो मी नव्या तारखेसह त्याच क्रमांकाखाली पाठवले. बाबांचं नेब्युलायझर पुन्हा दिवसातून दोनदावर आलं. त्यात तक्रारीचा वाटा किती आणि पाडकाम संपत आल्याचा किती, ते मला सांगता येणार नाही.

तुमच्या शेजारी काम चालू असेल किंवा लवकरच सुरू होणार असेल, तर आजच दोन गोष्टी करून ठेवा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन टॅग चालू करा. आणि येता-जाता साइटच्या फलकाचा एक स्वच्छ फोटो काढा. धूळ उडायला लागली की धावपळीत या दोनच गोष्टी राहून जातात, आणि तक्रार अडते ती इथेच.